ओळ क्रमांक चौदा

६ जानेवारी २०२५, सोमवार

“तहानेचं काय, तिलाही बसवून ठेवता येतं.”

आई हे म्हणाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ती वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात रेडिओचे सुटे भाग जोडायची. शाळेला सुट्टी होती आणि घरी कोणी नव्हतं, म्हणून मला बरोबर घेऊन गेली होती. दुपारपर्यंत तिने पाण्याचा घोट घेतला नाही. मी विचारलं तर हसत असं म्हणाली, जणू तहान म्हणजे दारात आलेली कोणी शेजारीण. मूत्रपिंडाच्या आजाराने ती गेली, त्याला या महिन्यात सोळा वर्षं होतील. आज सकाळपासून तिचं तेच वाक्य डोक्यात आहे.

ही डायरी एका ठेकेदाराने दिलेली आहे. दर जानेवारीत ते डायऱ्या वाटतात आणि दर जानेवारीत मी परत करते. या वर्षी कागद हाताला फार चांगला लागला. त्याच्या नावाचं पान फाडून टाकलं आणि ठेवून घेतली. एवढा लोभ माफ असावा.

भोरशेत नगरपरिषदेच्या लेखा विभागात मी वरिष्ठ लिपिक आहे. आंबिवलीहून शेअर रिक्षाने पंधरा मिनिटं. आज वरून पत्र आलंय: या वर्षी महिलांसाठीच्या खर्चाचं परिशिष्ट अधिक काटेकोर करावं, त्यासाठी ठाण्याला प्रशिक्षण. साहेबांनी माझं नाव दिलं. हे परिशिष्ट अकरा वर्षं मीच करते. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमान आहे.

दिशाची पाण्याची बाटली आजही कॉलेजातून भरलेली परत आली. सोळा वर्षांची झाली तरी पाणी पी म्हणून सांगावं लागतं.

९ जानेवारी, गुरुवार

आमच्याकडे अंदाजपत्रक असं होतं: मागच्या वर्षीची फाईल उघडायची, वर्ष बदलायचं, आकडे थोडे वाढवायचे. निवडून आलेल्या सभासदांची मुदत कधीच संपली. त्यामुळे मुख्याधिकारी म्हणून विनीत साहेब अंदाजपत्रक मांडतात आणि प्रशासक म्हणून तेच ते मंजूर करतात. मागच्या फेब्रुवारीत सभागृहात साहेब, मी, शिपाई आणि रिकाम्या खुर्च्या होत्या. साहेबांनी “कोणाची हरकत?” असं विचारलं आणि पंख्याकडे बघितलं. शिपाई हसला. मीही हसले.

आज परिशिष्टाचं वर्ष बदललं. एकूण बावीस ओळी. रस्त्यावरचे दिवे निम्मे महिलांसाठी मोजले आहेत, कारण रस्त्याने निम्म्या बायका चालतात. ही युक्ती माझीच. दिशाची बाटली आज पुन्हा भरलेली.

१५ जानेवारी, बुधवार

ठाण्याचं प्रशिक्षण. शिकवायला सोनल नावाची बाई, पस्तिशीची असेल, आवाज शांत. तिने विचारलं, महिलांसाठी म्हणून तुम्ही काय काय मोजता? मागच्या रांगेतला एक लेखापाल म्हणाला, “मॅडम, आम्ही स्मशानातली लाकडंसुद्धा निम्मी धरतो. जळणाऱ्यांत निम्म्या बायकाच असतात ना.” सगळे हसले. माझं हसू मध्येच अडकलं, कारण माझे दिवे आणि त्याची लाकडं यांत काही फरक नव्हता.

मग पडद्यावर चांगल्या उदाहरणांची यादी आली आणि त्यात आम्ही होतो. भोरशेत, महिलांवरची तरतूद जिल्ह्यात वरच्या क्रमांकावर. लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी पदर सारखा केला.

शेवटी सोनल म्हणाली, “परत गेल्यावर एकच करा. आपल्या परिशिष्टातली एक ओळ निवडा आणि जिथली ती ओळ आहे तिथे जाऊन उभ्या राहा.” माझ्या शेजारचा कुजबुजला, “उभं राहायचं आणि करायचं काय?”

परतताना मनात ओळ ठरली. क्रमांक चौदा: ‘हजेरी शेड क्र. ३ येथे महिला सफाई कामगारांसाठी स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची खोली.’ तीच निवडली, कारण ती मला आवडायची. दिव्यांसारखी ओढूनताणून आणलेली नाही, खरी बायकांची ओळ आहे. अकरा वर्षांपूर्वी मीच ती घातली होती.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सहाला शेडवर गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

पत्र्याचं छप्पर, एक टेबल, टेबलामागे हजेरी घेणारा मुकादम कमलेश, बाजूला झाडू-घमेल्यांची कोठी. अडतीस बायका. स्वच्छतागृह नाही. खोली नाही. दोघी जणी एक जुनी साडी धरून उभ्या होत्या आणि तिच्या आड एकेक जण घरची साडी सोडून गणवेश चढवत होती. रस्त्याने रिक्षा जात होत्या. पुरुष कामगार भिंतीच्या मागे जाऊन येत होते, विड्या ओढत, निवांत.

बायजा म्हणून एक बाई आहे, पन्नाशीची, सगळ्यांत जुनी. मी विचारलं, तुम्ही जाता कुठे?

“कुठं जानार? बाराला सुटतो, घरी जातो.”

“सहापासून बारापर्यंत?”

“पानीच नाय पीत ना. नाय प्यायलं की नाय होत.”

मला क्षणभर आईचा कारखाना दिसला, ते लांब टेबल, तिची पाठ.

कमलेश म्हणाला, “मॅडम, टेन्शन नका घेऊ. बजेटमध्ये आहे ना, होऊन जाईल.”

बायजा हसली. तिच्या पिशवीत स्टीलची गुलाबी बाटली होती, मागच्या वर्षी महिला दिनाला नगरपरिषदेने वाटलेली. उरलेल्यांतली एक मीही घरी आणली होती, दिशा तीच नेते. बायजाने झाकण उघडून आतून कागदाची गुंडाळी काढली. “पानी नसतं ना आत. कागद कोरडा रातो.”

२०१९चं पत्र. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने शेडवर बायकांसाठी स्वच्छतागृह स्वखर्चाने बांधून देतो म्हणून कळवलं होतं. त्याला आमच्या कार्यालयाचं उत्तर: ‘सदर कामासाठी अंदाजपत्रकात तरतूद उपलब्ध असल्याने आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही.’ शेडला माहितीसाठी एक प्रत.

“साईब तर बदलून गेले,” बायजा म्हणाली. “पन हे खाली कोपऱ्यात बारीक लिवलंय, ते कोनाचं?”

पत्र टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं खाली डावीकडे टाकायची आमच्याकडे पद्धत आहे. र.प. मी म्हणाले, माहीत नाही.

मी रसिका पराडकर. मी तिला माहीत नाही म्हणाले.

२० जानेवारी, सोमवार

दिवसभर जुन्या फायली काढल्या.

दर वर्षी एप्रिलमध्ये ओळ चौदाला पैसे. दर वर्षी फेब्रुवारीत ‘काम सुरू न झाल्याने’ ते पैसे दुसरीकडे वळवण्याचा प्रस्ताव. कुठे? महिला दिनाच्या कार्यक्रमाकडे. मंडप, पाहुण्यांच्या शाली, हळदीकुंकवाची वाणं. मागच्या वर्षी स्टीलच्या बाटल्या. कागदावर सगळं चोख, महिलांचे पैसे महिलांवरच. प्रत्येक प्रस्तावाची टिपणी माझ्या अक्षरात.

आणि पुढच्या एप्रिलमध्ये ओळ पुन्हा छापून तयार. ती छापलेली आहे म्हणून बायकांचे अर्ज ‘तरतूद आहे’ असा शेरा मारून फाईलला. ती छापलेली आहे म्हणून फुकट बांधून देणाऱ्यालाही परत पाठवलं. ओळ नसती तर २०१९मध्ये तिथे स्वच्छतागृह उभं राहिलं असतं. मला वाटत होतं मी त्या बायकांसाठी जागा राखून ठेवलीय. मी दाराला कुलूप लावून बसले होते.

कोणावर चिडू? गेलेल्या तीन साहेबांवर चिडले, कमलेशवर चिडले, घरी दिशावर चिडले. बाटली भरलेली होती. आजीला काय झालं होतं माहीत आहे ना, म्हणाले. ती म्हणाली, “पिते गं,” आणि खोलीत गेली.

२७ जानेवारी, सोमवार

साहेबांना सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नाहीत, हे लिहून ठेवते. आवाज चढवत नाहीत, स्त्री-कर्मचाऱ्यांना आधी बसायला सांगतात. आजही म्हणाले, “मॅडम, बसा. पाणी घ्या.” पेला पुढे सरकवला. मी प्यायले नाही.

“अकरा वर्षं आपण ही ओळ छापतोय, साहेब.”

“मी इथे दोन वर्षं आहे.”

“मी अकरा वर्षं आहे.”

“मग हा प्रश्न तुम्हाला विचारायला हवा,” ते हसून म्हणाले. राग याचाच आला, की ते बरोबर होतं.

मी म्हटलं, या वर्षी पैसे वळवायचे नाहीत, काम काढायचं. जलवाहिनी तिथून दोनशे मीटरवर आहे, मलनिस्सारणाची जोडणी घ्यावी लागेल. ते म्हणाले रस्ता नुकताच डांबरी केलाय, लगेच खोदता येणार नाही, तुम्ही भावनिक होताय. मग त्यांनी पत्र दाखवलं. पंचवीस फेब्रुवारीला सोनलचं पथक आमचं ‘चांगलं उदाहरण’ पाहायला येणार.

“काळजी करू नका. तोपर्यंत आपण करून टाकू.”

ते ‘करून टाकू’ माझ्या ओळखीचं होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस दिशाला ताप. लघवीला जळजळ. खडकपाड्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतुसंसर्ग आहे, मुलगी पाणी कमी पिते, धरून ठेवते. मी तिच्या देखत म्हणाले, आळशी आहे हो, मोबाईलमधून डोकं वर काढेल तर पाणी पिईल. दिशा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली. ह्यांचा नाशिकहून फोन आला, त्यांनाही तेच सांगितलं. आता तिच्या मोबाईलवर दर तासाचा गजर लावून दिलाय: पाणी पी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

झालं. शेडची कोठी रिकामी करून तिला गुलाबी रंग दिला. आत आरसा, खुंट्या, कमोड, नळ. बाहेर पाटी: ‘हिरकणी सुविधा कक्ष’. नळामागे पाईप नाही. कमोडखाली फरशी आहे, फक्त फरशी. मी नळ फिरवला, तो गोल फिरत राहिला, खेळण्यातल्यासारखा. काम केलं आहे या डायरीवाल्या ठेकेदाराने.

इतका राग मला आयुष्यात आला नसेल. कमलेशला विचारलं, हे बसवताना तुझे हात अडखळले नाहीत?

“मॅडम, मी फक्त चावी ठेवतो.”

बायका मात्र दार उघडत होत्या, बंद करत होत्या. एकीने आत जाऊन कडी लावली आणि आतून दुसरीला हाक मारली, “दिसतंय का गं काय?” बाहेरची म्हणाली, “काय नाय. आज काय न्हेसलीस ते पन नाय कळायचं.” सगळ्या हसल्या. मला त्यांच्या हसण्याचाही राग आला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना परिशिष्टात ओळ चौदापुढे ‘काम पूर्ण’ असं हवंय आणि खाली माझी सही. ‘पूर्ण’ लिहिलं की ओळ पुढच्या वर्षीच्या पुस्तकातून जाईल. मग कोणी काही मागितलं तर उत्तर तयार: काम झालेलं आहे. आधी ‘होणार आहे’ म्हणून अडवलं, आता ‘झालं आहे’ म्हणून अडवू.

मी सही करणार नाही म्हणाले.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “मग ती कोठीच. दार काढून झाडू परत ठेवू. अपूर्ण काम पथकाला दाखवता येत नाही.” किंचितही राग नाही. चहा सांगितला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शेडवर जाऊन बायजाला सगळं सांगितलं. ती आद्याक्षरं माझीच, हेही सांगितलं.

“म्हाईत हाय. इचारलं तवा तुमचं तोंड बघितलं ना.”

तरी महिनाभर ती काही बोलली नव्हती. मी म्हणाले, मी सही करणार नाही, तुमच्यासाठी लढणार. मला वाटलं ती खूश होईल.

“सही करा,” ती म्हणाली.

“अहो, मग संडास कधीच होणार नाही.”

“सतरा वर्सं झाली झाडतेय. संडास नाय झाला. आता दार झालंय. आमच्यात सहा पोरी हायेत नव्या. साडीआड कापडं बदलताना रस्त्यावरची पोरं फोटू काढतात. कडी चांगली हाय, मॅडम. ती काढून नका नेऊ.”

“पण हे खोटं आहे, बायजाताई.”

“तुमी खोटं लिवलं तवा आमाला इचारलं नाय. आता खरं लिवायचं तर आमचं दार जानार. तुमचा राग आमच्या दारावर नका काढू.”

तिने झाडू उचलला आणि गेली. मी तिच्यावरही चिडले. रिक्षात बसेपर्यंत तिला मनात काय काय बोलले, ते इथे लिहिणार नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पथक दहा मिनिटं होतं. बायका गणवेशात रांगेत उभ्या. सोनलने नळ फिरवला. साहेब म्हणाले, “पाणी ठरावीक वेळी येतं.” तिने माझ्याकडे पाहिलं. सरळ, प्रश्न विचारावा तसं.

मी चपलेकडे पाहिलं. ती पाच सेकंद मी पुन्हा पुन्हा जगतेय. भांडण करायला तोंड होतं, केबिनमध्ये. तिथे नव्हतं. दार जाईल म्हणून गप्प राहिले असं मी स्वतःला सांगते. ते अर्धंच खरं आहे.

सोनलने बायजाला विचारलं, कसं वाटतं? बायजा म्हणाली, “कडी चांगली हाय.” सोनलने ते वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली.

बायजाचं ऐकल्यापासून सहीला मी हो म्हटलेलं नाही आणि पुन्हा नाहीही म्हटलेलं नाही; साहेबांनी परवाची मुदत दिलीय. शुक्रवारी अंदाजपत्रक मंजूर होईल, साहेबांकडून साहेबांना.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, सुट्टी. साबुदाणा भिजवला होता. दिशाचा गजर वाजला, पाणी पी. तिने उठून आख्खा पेला प्यायला. तासाने पुन्हा. तिसऱ्यांदा मी म्हणाले, बघ, घरी पितेस की, कॉलेजातच काय होतं तुला?

ती पेला ठेवून म्हणाली, “कॉलेजात एकच टॉयलेट चालू आहे मुलींचं. तिसऱ्या मजल्यावर. त्याला कडी नाही, आई. ऋतिका बाहेर उभी राहते. ती आली नाही की मी जात नाही.”

“मला सांगायचंस ना.”

“तू विचारतेस, पाणी का नाही प्यायलीस. ते रोज विचारतेस.” जराशाने म्हणाली, “वर्गात वाजतो तो गजर. मुलगे हसतात.”

मी साबुदाणा हलवत राहिले. तो खाली लागला. रोज बाटली माझ्या हातात होती. आई, मग अडतीस बायका, मग ही. सगळ्याजणींचं एकच वाक्य, आणि मला ते शेडवर जाऊन ऐकावं लागलं, घरात ऐकू आलं नाही.

तिच्या मोबाईलवरचा गजर काढून टाकला. सोमवारी कॉलेजात जाणार आहे. दाराला कडी बसवल्याशिवाय तिथून उठणार नाही. ‘नुसती कडी’ असं मी आता कोणापुढे म्हणणार नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ओळ चौदा मोडली. तिच्या दोन ओळी केल्या. हे एवढंच मला येतं, बावीस वर्षांची कारकुनी.

१४ (अ) कपडे बदलण्याची खोली: पूर्ण. खाली माझी सही.

१४ (ब) स्वच्छतागृह, पाणी व मलनिस्सारणाच्या जोडणीसह: झालेले नाही. त्याखालीही माझी सही. शेजारी एक नवा रकाना, अकरा वर्षांची तरतूद कोणत्या वर्षी कशाकडे वळली. शाली, मंडप, बाटल्या. प्रत्येक टिपणीवरची आद्याक्षरं: र.प. दिव्यांची ओळ परिशिष्टातून काढली. आम्ही जिल्ह्यात खाली घसरू.

सकाळी शेडवर जाऊन बायजाला वाचून दाखवलं. विचारलं, चालेल का? तिने (अ) दोनदा वाचायला लावलं. “म्हंजे दार रातं?” राहायला हवं, म्हणाले, पूर्ण झालेली खोली मोडायची तर साहेबांना लेखी कारण द्यावं लागेल. ती म्हणाली, “मंग लिवा. पन ते नाय करायचे, बघा.”

नाहीच करणार. विनीत साहेब चष्मा काढतील, मला बसायला सांगतील, पेला पुढे सरकवतील. शेराही मला पाठ आहे, ‘पाहिले. दफ्तरी दाखल.’ कदाचित एप्रिलमध्ये माझी बदली जन्ममृत्यू नोंदणीकडे. तरी परिशिष्टाला अर्ज जोडलाय, जावक क्रमांक घेतलाय. एक प्रत सोनलला, एक हजेरी शेड क्र. ३ला, माहितीसाठी. तिथे ती कोरडी राहील. अर्ज इथे उतरवून ठेवते.

‘मा. मुख्याधिकारी तथा प्रशासक, भोरशेत नगरपरिषद, यांस. परिशिष्टातील ओळ १४ (अ) व १४ (ब) सोबत जोडल्याप्रमाणे, वळवलेल्या रकमांच्या तपशिलासह छापाव्यात, १४ (ब)ची या वर्षीची तरतूद वळवू नये व २०१९चे पत्र मागे घ्यावे, ही विनंती. विनंती अमान्य करावयाची असल्यास, शेरा लिहिण्यापूर्वी आपण एक दिवस घरून दोन पेले पाणी पिऊन सकाळी सहा वाजता हजेरी शेड क्र. ३ येथे यावे आणि बारा वाजेपर्यंत तेथेच थांबावे, ही दुसरी विनंती.’